परिणामांत अव्वल, उपायांत काठावर पास: हवामान बदलावरील एका आंतरशाखीय अभ्यासक्रमाचे परीक्षण

हवामानाचा अभ्यास करणाऱ्या संस्थांची पुण्यात जेवढी दाटी आहे तेवढी देशातील फारच थोड्या शहरांत असेल. भारतीय हवामानशास्त्र विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून येथे आले आणि पुढे ते दिल्लीला गेले, तरी शिवाजीनगरच्या त्या चौकाला पुणेकर आजही शिमला ऑफिसच म्हणतात. पाषाणला १९६२ मध्ये स्थापन झालेली भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, आणि बारामतीजवळ माळेगावला दुष्काळ, उष्णता व क्षार यांमुळे पिकांवर येणाऱ्या ताणाचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि गोखले अर्थशास्त्र संस्था ही नावे तर कोणालाही सांगावी लागत नाहीत. इतके असूनही हवामान बदलाचा आपल्या कामाशी नेमका काय संबंध आहे, हे ज्याला समजून घ्यायचे आहे अशा नोकरदार किंवा व्यावसायिक माणसाला या सर्व विद्यांचे म्हणणे एका ठिकाणी ऐकण्याची सोय आजवर फारशी नव्हती. ती उणीव भरून काढण्यासाठी शहरातील एका विद्यापीठाने सुरू केलेल्या, शनिवार-रविवारी चालणाऱ्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला मी यंदाच्या उन्हाळ्यात प्रवेश घेतला, आणि त्याचे हे परीक्षण आहे.

विद्यापीठाचे नाव मी मुद्दाम देत नाही. पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि एका तुकडीच्या अनुभवावरून संस्थेवर शिक्का मारणे मला रास्त वाटत नाही. शिवाय अशा स्वरूपाचे अभ्यासक्रम आता अनेक विद्यापीठांतून निघत आहेत, त्यामुळे त्यांची निवड करताना काय पाहावे हे समजले तरी वाचकाचे काम होईल. माझ्याविषयी एवढेच सांगणे पुरे की मी स्थापत्य अभियंता आहे आणि पर्जन्यजल वाहिन्या व नाल्यांवरील मोऱ्या यांचे संकल्पन हा माझा व्यवसाय आहे. साहजिकच माझी नजर पाण्याकडे अधिक वळते, आणि हे परीक्षणही त्या बाजूला काहीसे झुकलेले आहे.

शुल्क साडेचार हजार रुपये होते, जे आजच्या मानाने माफक म्हटले पाहिजे. वर्गात सोसायट्यांचे पदाधिकारी, दोन-तीन वास्तुविशारद, महाविद्यालयीन प्राध्यापक, एका बँकेच्या कर्ज विभागातील अधिकारी आणि जुन्नर तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार अशी सरमिसळ होती. ही सरमिसळ हाच या अभ्यासक्रमाचा अर्धा मोबदला होता, असे मी आताच सांगून टाकतो.

पहिली काही सत्रे भौतिकशास्त्राची होती, आणि ती उत्तम होती. शिकवणाऱ्या मॅडमनी वितळणाऱ्या हिमनद्यांची छायाचित्रे दाखवण्यात वेळ घालवला नाही. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते, हा एकच नियम त्यांनी फळ्यावर मांडला आणि मोसमी पावसाच्या बदलाची सगळी चर्चा त्यावर उभी केली. २०२० मध्ये केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने प्रसिद्ध केलेला भारतीय प्रदेशावरील हवामान बदलाचा आढावा मुख्यतः पाषाणच्या संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने तयार झाला होता. त्यातील आकडे त्यांनी आमच्यासमोर ठेवले. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले, तर उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान १९५१ ते २०१५ या काळात सुमारे १ अंशाने वाढले. त्याच काळात उन्हाळी मोसमी पावसाची एकूण बेरीज सुमारे ६ टक्क्यांनी घटली, आणि ही घट गंगेच्या मैदानात व पश्चिम घाटात विशेष जाणवते. उलट मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ दरम्यान सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या.

एकूण पाऊस कमी होतो आणि अतिवृष्टी वाढते, हे एकाच वेळी कसे खरे असू शकते, असा प्रश्न बँकेच्या अधिकाऱ्यांनी विचारला, आणि त्याच्या उत्तराला मॅडमनी जवळजवळ तासभर दिला. समुद्र तापला की जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातील जो फरक मोसमी वाऱ्यांना ओढून आणतो तो कमी होतो, म्हणून वाऱ्यांचा एकंदर जोर मंदावतो आणि पावसातील खंड लांबतात. परंतु त्याच तापलेल्या अरबी समुद्रावरून मधूनमधून बाष्पाचे असे लोंढे येतात की साचलेला सारा हिशेब दोन-तीन दिवसांत चुकता होतो. हे स्पष्टीकरण देताना त्यांनी दुसरी बाजूही लपवली नाही. धूलिकण, शेतीसाठीचे सिंचन आणि जंगलतोड यांचाही पावसाच्या घटीत वाटा आहे, आणि सगळे खापर हरितगृह वायूंवर फोडता येत नाही, असे त्यांनी बजावले. शास्त्रज्ञाने सामान्य वर्गासमोर इतके प्रामाणिक राहणे मला महत्त्वाचे वाटते, कारण पुढे उपायांची चर्चा करताना नेमकी हीच काटेकोर वृत्ती कमी पडली.

त्यानंतर आले सांख्यिकीचे सत्र, म्हणजे माझ्या व्यवसायाचा गाभा. महाराष्ट्रात नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात. साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळी, आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. लोकांचा समज असा असतो की एकदा मोठा पूर येऊन गेला की आता २५ वर्षे निर्धास्त. हे सत्र घेणाऱ्या सरांनी हा समज एका साध्या गणिताने मोडून काढला. २५ वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी ४ टक्के शक्यता, आणि एखाद्याने २० वर्षांच्या गृहकर्जावर निळ्या रेषेवर घर घेतले तर कर्ज फिटण्याच्या आत एकदा तरी पाणी घरात येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के होते. लाल रेषेवरही ती १८ टक्के राहते. बँकेच्या अधिकाऱ्यांनी हे आकडे ताबडतोब वहीत उतरवून घेतले. तारण म्हणून ठेवलेल्या मालमत्तेच्या मूल्यांकनात पूररेषेचा विचार कसा आणि कितपत होतो, यावर मग जी चर्चा रंगली ती अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत कोठेही छापलेली नव्हती.

या गणितातली मेख अशी की ते सारे जुन्या नोंदींवर उभे आहे. गेल्या पन्नास-साठ वर्षांत जसा पाऊस पडला तसाच पुढेही पडेल, हे गृहीत धरून आम्ही नाल्याची रुंदी ठरवतो. क्षेत्रफळ, पावसाची तीव्रता आणि जमिनीवरून किती पाणी वाहून जाते त्याचा गुणांक यांचा गुणाकार केला की विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारे पाणी, मिळतो. यातील तीव्रता हवामानामुळे बदलते आहे आणि गुणांक शहरामुळे. मोकळ्या मातीच्या जमिनीवरून पावसाचा तिसरा हिस्सा वाहून जात असेल, तर काँक्रीटच्या रस्त्यावरून व छतांवरून जवळजवळ सगळाच जातो. आंबेगाव-कात्रजच्या उतारांवर गेल्या दोन-तीन दशकांत जे बांधकाम झाले त्याने तेथून शहरात वाहत येणाऱ्या आंबील ओढ्याच्या विसर्गात हवामानाच्या मानाने किती भर घातली, असा प्रश्न मी विचारला. सरांनी तेथेच उत्तर देण्याचे टाळले आणि पुढच्या सत्रात ओढ्याच्या पाणलोटाचे जुने व नवे उपग्रह-नकाशे घेऊन आले. मला अपेक्षित होते तसे एकच ठोक उत्तर काही मिळाले नाही. पण दोन्ही कारणे वेगळी कशी करायची याची रीत मिळाली, आणि ती मी माझ्या कामात वापरू लागलो आहे.

शिमला ऑफिसच्या आवारातील वेधशाळेची भेट छोटी होती, परंतु तेथे समजलेली एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपण वर्तमानपत्रात वाचतो तो चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठ ते सकाळी साडेआठ असा मोजलेला असतो. मध्यरात्रीच्या दोन तासांत कोसळलेला ऐंशी मिलिमीटर पाऊस आणि दिवसभर रिपरिप पडलेला ऐंशी मिलिमीटर पाऊस या आकड्यात सारखेच दिसतात. पिकाला दुसरा हवा असतो, आणि पहिल्याने आमचा नाला फुटतो. नाल्याच्या संकल्पनासाठी पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदी लागतात, आणि त्या स्वयंनोंदी पर्जन्यमापकांवरूनच मिळतात. शहरात अशा यंत्रांची संख्या वाढवण्याची गरज आहे हे वर्गातील वास्तुविशारदांनाही त्या दिवशी पटले. शिवाजीनगरला वर्षाकाठी सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, सरळ पश्चिमेला घाटमाथ्यावर ताम्हिणीत पाच-सहा हजार, आणि पूर्वेला दौंड-इंदापूरकडे जेमतेम साडेचारशे-पाचशे. एका जिल्ह्यात इतकी तफावत असताना एका वेधशाळेचा आकडा साऱ्या जिल्ह्याला लावणे किती धोक्याचे आहे, हे त्या आवारात उभे राहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

अभ्यासक्रमातील सर्वोत्तम दिवस कोणता, असे विचारले तर मी निःसंशय आंबील ओढ्याच्या पदयात्रेचे नाव घेईन. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री या ओढ्याने सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल या भागांत जो हाहाकार माजवला तो पुणेकर विसरलेले नाहीत. आमच्याबरोबर जलविज्ञानाचे सर, समाजशास्त्राच्या मॅडम आणि पर्यावरण कायदा शिकवणारे एक वकील असे तिघे एकत्र चालत होते, आणि प्रत्येक थांब्यावर तिघांनी त्याच जागेविषयी बोलायचे असा दंडक होता. एका मोरीपाशी सरांनी पात्राचा छेद, तुंबलेला कचरा आणि पाण्याची उंची यांचा हिशेब मांडला. मॅडमनी लगेच विचारले की त्या रात्री ओढ्याकाठच्या वस्तीतील माणसे कोठे गेली, आणि कोणाकडे वरचा मजला होता व कोणाकडे नव्हता. वकिलांनी मग ओढ्याचे पात्र जुन्या मोजणी नकाशात कसे होते, नगररचना योजनेत त्याची रेषा कशी सरकू शकते आणि सीमाभिंत बांधण्याची जबाबदारी महापालिकेची, सोसायटीची की दोघांची, यांतील कायदेशीर गुंता सांगितला. हे तिघे एकमेकांशी सहमत झाले नाहीत. सरांच्या मते पात्र रुंद केल्याशिवाय गत्यंतर नाही. मॅडमचे म्हणणे असे की रुंदीकरणाच्या नावाखाली पहिल्यांदा उठतात ती झोपड्यांतील कुटुंबे, आणि पात्रात भराव घालून उभ्या राहिलेल्या इमारतींना मात्र हात लागत नाही. भर उन्हात हा वाद ऐकताना वर्गातील कोणीही घड्याळाकडे पाहिले नाही.

तेथून विषय २५ जुलै २०२४ कडे गेला. त्या पहाटे खडकवासला धरणातून सोडलेले पाणी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत शिरले. त्या दिवशीचा विसर्ग ३५ हजार क्युसेकांच्या पुढे गेला होता. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांची मिळून साठवणक्षमता सुमारे २९ अब्ज घनफूट आहे, पण त्यांत सर्वांत खाली असलेल्या खडकवासल्याची क्षमता फारच लहान, दोन अब्ज घनफुटांच्या आसपास आहे, त्यामुळे वरून आणि मधल्या मोकळ्या पाणलोटातून येणारे पाणी तेथे फार वेळ धरता येत नाही. जुलैच्या शेवटी धरण किती भरू द्यावे, हा निर्णय म्हणूनच केवळ अभियंत्याचा राहत नाही. भरू दिले तर पुराचा धोका, रिकामे ठेवले आणि ऑगस्ट कोरडा गेला तर पुढच्या उन्हाळ्यात शहरात पाणीकपात आणि कालव्यावरील शेतीला आवर्तन नाही. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, हे लक्षात घेतले की दुसरी भीतीही काल्पनिक वाटत नाही. पावसाचा अंदाज, धरण परिचालनाचे नियम, नदीकाठच्यांना पूर्वसूचना आणि शेतकऱ्यांचा पाण्यावरील हक्क हे चारही धागे या एका निर्णयात गुंतलेले आहेत, आणि आंतरशाखीय संशोधन कशासाठी हवे याचे याहून चोख उदाहरण मला तरी माहीत नाही.

शेतीच्या सत्रात खरे शिक्षक ठरले ते जुन्नरचे बागायतदार काका. हवामान आधारित फळपीक विम्याची रचना अर्थशास्त्राचे प्राध्यापक समजावून सांगत होते. या विम्यात शेतकऱ्याच्या बागेचे नुकसान मोजत नाहीत, तर संदर्भ हवामान केंद्रावर पाऊस किंवा तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की भरपाई लागू होते. पंचनाम्याचा खर्च आणि वशिलेबाजी टळते, हा त्याचा लाभ. प्राध्यापक एवढे सांगून पुढे जाऊ लागले तेव्हा काकांनी त्यांना थांबवले. "अहो सर, यंत्र मंडळाच्या गावात आणि बाग डोंगराच्या कडेला. गोडी छाटणीनंतर ऐन फुलोऱ्यात माझ्याकडे दोन तास पाऊस धरला, घड कुजले, डाऊनी रोग आला. मंडळाच्या यंत्रावर मात्र तो दिवस कोरडा. आता मी कोणाला विचारू?"

राज्यात महावेध प्रकल्पातून महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, हे मोठेच काम झाले. तरीही एका मंडळात अनेक गावे येतात, आणि डोंगराळ तालुक्यात दोन शिवारांतील पाऊस सारखा नसतो. विम्याच्या शास्त्रात या फरकाला रीतसर स्थान आहे, आणि हवामानशास्त्राच्या मॅडम, ज्या त्या दिवशी केवळ श्रोता म्हणून मागच्या बाकावर बसल्या होत्या, त्या उठून फळ्याशी गेल्या. दोन केंद्रांतील अंतर वाढत जाते तसा त्यांच्या पावसातील सारखेपणा कसा घटतो, आणि वळवाच्या किंवा परतीच्या पावसात तो मोसमी पावसापेक्षा किती झपाट्याने घटतो, हे त्यांनी काढून दाखवले. द्राक्षाचे नुकसान नेमके याच दोन ऋतूंत होते. म्हणजे जेथे विमा सर्वाधिक हवा तेथेच यंत्राची साक्ष सर्वांत कच्ची. प्राध्यापकांनी ते मान्य केले आणि हप्त्याची रक्कम, केंद्रांची घनता व उपग्रह-नोंदींचा आधार यांवर पुढचा तास नव्याने मांडला. एका विद्याशाखेचा शिक्षक दुसऱ्याच्या तासाला बसल्याने काय घडू शकते ते मी येथे पाहिले. दुर्दैवाने असा योग फार थोड्या वेळा आला. बहुतेक व्याख्याते आपला तास संपवून निघून जात.

आरोग्याच्या सत्राविषयी थोडक्यात. उष्णतेच्या लाटेची घोषणा मैदानी भागात पारा ४० अंशांवर गेल्यावर आणि तो नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक असल्यास होते, पण शरीराला होणारा त्रास आर्द्रतेवरही अवलंबून असतो, हे डॉक्टरांनी नीट समजावले. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मेळाव्यात उष्माघाताने माणसे दगावली तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता, हे त्यांचे उदाहरण परिणामकारक होते. अहमदाबादने २०१३ मध्ये तयार केलेल्या उष्णता कृती आराखड्याची माहितीही उपयुक्त होती. पुण्यातील पत्र्याच्या घरांतील रात्रीच्या तापमानाबद्दल मात्र काही ऐकायला मिळाले नाही, आणि ते मिळायला हवे होते.

आता उपायांकडे. अभ्यासक्रमाच्या नावात परिणाम आणि उपाय या दोहोंना समान मान आहे, पण प्रत्यक्षात उपायांचा भाग एकामागून एक झालेल्या सुट्या व्याख्यानांचा होता, आणि पहिल्या भागातील शिस्त तेथे सुटली. हायड्रोजनवर बोलणाऱ्यांनी इंधन घटाची (फ्युएल सेलची) रचना छान समजावली. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि एका खासगी कंपनीने मिळून तयार केलेली हायड्रोजनवर चालणारी बस २०२२ मध्ये येथेच दाखवली गेली, याचा अभिमान रास्तच आहे. परंतु तो हायड्रोजन कोणत्या विजेपासून तयार होणार, हा पहिला प्रश्न आम्हाला विचारावा लागला. आपल्या वीजजालातील एका युनिटमागे आजही सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि त्या विजेवर पाणी फोडून काढलेल्या हायड्रोजनला स्वच्छ म्हणता येत नाही.

सिमेंटचे व्याख्यान त्या मानाने बरे होते. चुनखडी भाजताना दगडातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि सिमेंटच्या उत्सर्जनाचा निम्म्याहून अधिक भाग तेथून येतो, म्हणजे भट्टी कोणत्याही इंधनावर चालवली तरी तो टळत नाही. भाजलेली चिकणमाती आणि कच्ची चुनखडी मिसळून क्लिंकरचे, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या भाजलेल्या खड्यांचे, प्रमाण निम्म्यावर आणणारे सिमेंट हा त्यावरील मार्ग आहे, आणि त्याच्या विकासात दिल्लीच्या आयआयटीचा मोलाचा वाटा आहे. त्याने उत्सर्जन सुमारे ३० ते ४० टक्क्यांनी कमी होते. मात्र शासकीय निविदेत ते लिहिता येते का, दरसूचीत ते आहे का आणि ठेकेदार ते आणणार कोठून, या प्रश्नांना व्याख्यात्यांपाशी उत्तर नव्हते. व्यवसायातील माणसाचे सारे अडते ते येथेच.

सर्वांत मोठी निराशा इथेनॉलच्या सत्राने केली. मळीपासून, उसाच्या रसापासून व धान्यापासून इथेनॉल कसे तयार होते, पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य २०३० वरून २०२५ वर कसे आणले गेले, हे सारे सविस्तर सांगितले गेले, आणि सांगणारे रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक आपल्या विषयात निष्णात होते. पण ऊस पाण्यावर वाढतो, आणि आपल्या जिल्ह्यात तो ज्या कालव्याच्या पाण्यावर वाढतो त्यातील बराचसा भाग खडकवासल्याच्याच साखळीतून दौंड-इंदापूरकडे जातो. ज्या धरणाच्या परिचालनावर आम्ही दोन आठवडे आधी उन्हात उभे राहून वाद घातला होता, तेच पाणी येथे पुन्हा आले होते, आणि त्याचा उल्लेखही झाला नाही. २०२३ च्या कोरड्या ऑगस्टनंतर साखरेचे उत्पादन घटणार असे दिसू लागले तेव्हा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले होते. हवामान बदलावरचा उपाय स्वतःच पावसाच्या लहरीवर टांगलेला असेल तर त्याची जोखीम कशी मोजायची, हा प्रश्न एखाद्या आंतरशाखीय वर्गात नाही तर दुसरीकडे कोठे विचारायचा? मी तो विचारला. "तो जलसंपदावाल्यांचा विषय आहे," असे उत्तर मिळाले. जलविज्ञानाचे सर त्या दिवशी आले नव्हते.

याउलट एक लहान उदाहरण फार चांगले हाताळले गेले. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या, पुण्याजवळच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून इंधनाचा कोळसा करण्याची पद्धत विकसित केली, आणि तिला २००२ मध्ये शाश्वत ऊर्जेसाठीचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. त्यानंतर स्वयंपाकघरातील खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅस संयंत्रासाठी २००६ मध्ये पुन्हा मिळाला. समाजशास्त्राच्या मॅडमनी या संयंत्राची चर्चा तंत्रापासून सुरू न करता घरात ते रोज कोण भरणार, गच्चीवर जागा कोणाची आणि दोन दिवस गावाला गेल्यास काय, या प्रश्नांपासून सुरू केली. एखादे सयुक्तिक तंत्र काही घरांत वर्षानुवर्षे चालते आणि काही घरांत महिन्याभरात अडगळीत जाते, यामागची कारणे त्या चर्चेत जितकी उलगडली तितकी हायड्रोजन आणि इथेनॉल मिळूनही उलगडली नाहीत.

अखेरीस गटप्रकल्प होता. आमच्या गटाने सिंहगड रस्त्यावरील एका सोसायटीचे पाणी हा विषय घेतला, म्हणजे पावसाळ्यात तळघरात शिरणारे पाणी आणि मार्चपासून येणारे टँकर, दोन्ही एकाच आवारात. दोन मार्गदर्शक नेमले होते. भूजलाच्या मार्गदर्शकांनी छतावरचे पाणी कूपनलिकेत सोडा असे सुचवले. बेसाल्टच्या खडकात पाणी मुख्यतः भेगांत आणि झिजून ठिसूळ झालेल्या थरात साठते व प्रत्येक कूपनलिका ते घेईलच असे नाही, तेव्हा आधी चाचणी करा, हे त्यांनी योग्यच सांगितले. अर्थशास्त्राच्या मार्गदर्शकांनी टँकरवरील खर्चाची वाचणारी रक्कम काढून परतफेडीचा काळ मांडा असा आग्रह धरला. दोघांचेही बरोबर होते, पण चाचणीचा खर्च हिशेबात धरायचा का, आणि पूर टळल्याने वाचलेले नुकसान लाभात मोजायचे का, यावर त्यांचे कधीच एकमत झाले नाही. दोघे एकदाही समोरासमोर बसले नाहीत. गुण देताना एकाने आमच्या अहवालाला उत्तम म्हटले आणि दुसऱ्याने अपुरा, आणि प्रमाणपत्रावर या दोहोंची सरासरी छापून आली. आंतरशाखीय कामाचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करायचे हे विद्यापीठाने आधी ठरवले पाहिजे, एरवी प्रत्येक शाखा आपल्याच पट्टीने मोजत राहील.

व्यवस्थेबद्दल विशेष तक्रार नाही. वर्गखोली हवेशीर होती, सत्रे वेळेवर सुरू होत आणि चहा बरा असे. व्याख्याने मराठी-इंग्रजी मिश्र चालत, परंतु वाचनसाहित्य झाडून सारे इंग्रजीत होते, आणि बागायतदार काकांसारख्या माणसाला त्याचा उपयोग नव्हता. त्यांना मराठीत टिपणे दिली असती तर अभ्यासक्रमाचाच लाभ झाला असता, कारण विम्याच्या सत्रातील सर्वांत भक्कम माहिती त्यांच्याकडूनच आली होती. परीक्षेतील बहुपर्यायी प्रश्न मात्र काढून टाकावेत. पॅरिस करार कोणत्या वर्षी झाला, हे विचारून प्रौढ विद्यार्थ्याचे काय आकलन तपासले जाते ते मला उमगले नाही.

प्रवेश घ्यावा का, तर पाणी, बांधकाम, शेती, विमा आणि कर्ज यांच्याशी रोजचा संबंध असणाऱ्यांनी जरूर घ्यावा. परिणामांच्या भागासाठीच शुल्क वसूल होते. ऊर्जा क्षेत्रातील माणसांनी मात्र तूर्त थांबावे, त्यांच्या हाती येथे फारसे नवीन लागणार नाही. अन्य विद्यापीठांतील असे अभ्यासक्रम तपासताना माहितीपत्रकातील विभागांची लांबलचक यादी पाहून भुलू नये. एका सत्राला किती शिक्षक एकत्र बसतात, क्षेत्रभेट कोणा-कोणाबरोबर आहे आणि प्रकल्पाचे गुण कोण देते, हे तीन प्रश्न प्रवेशाआधी दूरध्वनी करून विचारावेत. आणि महापालिका किंवा एखादी मोठी सोसायटी कोणाला पाठवणार असेल, तर एकट्या अभियंत्याला न पाठवता त्याच्याबरोबर लेखा विभागातील एका व्यक्तीलाही पाठवावे, म्हणजे नाल्याच्या रुंदीचा प्रस्ताव परत आल्यावर त्याच्या खर्चावर आक्षेप घेणारा माणूस त्याच मोरीपाशी उभा राहून आलेला असेल.